मे महिन्यात वाचनालयाने मुलांसाठी काय घ्यावं: शिबिर, वाचन-आव्हान की ग्रंथपेटी?

कार्यकारी मंडळाच्या मार्चच्या सभेत, ऐनवेळच्या विषयांत, कुणीतरी सुट्टीचा विषय काढतं. "मुलं दिवसभर मोबाइलमध्ये असतात, आपण काहीतरी घेतलं पाहिजे." सगळ्यांना पटतं. पाच मिनिटांत शिबिराचं नाव ठरतं, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर वीस मिनिटं जातात आणि शेवटी ग्रंथपालांना सांगितलं जातं, "बाकीचं तेवढं तुम्ही बघा."

हा आढावा त्या ग्रंथपालांसाठी आहे, आणि सभेत हात वर करण्याआधी जरा थांबायला तयार असलेल्या कार्यवाहांसाठी. डोळ्यांसमोर आहे तालुक्याच्या किंवा मोठ्या गावातलं, शासनाच्या वर्गवारीतलं ब, क किंवा ड वर्गाचं सार्वजनिक वाचनालय: एक ग्रंथपाल, असलाच तर एक सहायक, बालविभाग म्हणून दोन कपाटं आणि एक चटई, वरच्या मजल्यावर अभ्यासिका. अनुदानातून पगार, ग्रंथखरेदी आणि वीजबिल भागवल्यावर सुट्टीसाठी फार तर पंधरा-वीस हजार निघतील, तेही एखाद्या देणगीदाराने आईवडिलांच्या स्मरणार्थ काही दिलं तर.

यात करण्यासारखे मार्ग तीन: शिबिर, वाचन-आव्हान (मुलांनी सुट्टीत ठरावीक वाचन करायचं) आणि ग्रंथपेटी (पुस्तकांची पेटीच वस्तीत पाठवायची). तिन्हीत मुलं येतात आणि तिन्हीचे फोटो निघतात. फरक दिसतो तो पंधरा जूनला, शाळा सुरू झाल्यावर, देवघेवीच्या रजिस्टरमध्ये. माझा कल कुठे आहे ते आत्ताच सांगतो. शहरवजा गावात आव्हान, विखुरलेल्या वस्त्यांत पेटी, आणि शिबिर फक्त तेव्हा, जेव्हा त्याचा खर्च दुसरं कुणी उचलत असेल. पण हा कल सगळीकडे लागू पडत नाही.

आधी कॅलेंडर बघा

राज्य मंडळाच्या शाळांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, निकाल 1 मेच्या आसपास लागतो आणि शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या आणखी उशिरा उघडतात. सीबीएसईच्या शाळांचं नवं वर्ष मात्र एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं, म्हणजे त्या मुलांना खरी सुट्टी मिळते ती मे महिन्यापासून. सगळ्यांना सामाईक असे पाच-साडेपाच आठवडेच हाती राहतात.

त्यातही लग्नसराई असते. आणि मुलं मामाकडे जातात. तुमच्या गावातली निम्मी मुलं पंधरा दिवसांसाठी गायब होतात, आणि त्याच पंधरा दिवसांत दुसऱ्या गावांची तितकीच मुलं तुमच्या गावात आजोळी येऊन पडतात. ही पाहुणी मुलं वाचनालयांच्या हिशोबात कधीच नसतात. त्यांच्याकडे सभासदत्व नाही, अनामत नाही, ओळखीचं कुणी काउंटरवर नाही. आजीच्या नावावर एक पुस्तक मिळालं तर मिळालं. तिन्ही मार्गांची तुलना करताना ही ये-जा सतत लक्षात ठेवायला हवी, कारण सलग आठ-दहा दिवस एकच मूल हजर राहील असं धरून आखलेली प्रत्येक गोष्ट मे महिन्यात डळमळते.

तयारी मात्र फेब्रुवारीतच सुरू व्हायला हवी. पुस्तकं मागवायची, बिलं तपासायची, दाखल नोंदवहीत चढवायची, शिक्के मारायचे, मग ती कपाटात लागणार. मार्च हा अनुदान खर्ची टाकण्याचा महिना, म्हणून त्या घाईत विक्रेता जे देईल ते घेतलं जातं आणि बालविभागात पुन्हा एकदा जाडजूड चरित्रमाला येऊन पडतात. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून आहे आणि बालविभागासाठीही त्यांचं साहाय्य मिळतं. अर्ज जरूर करावा. पण ती पुस्तकं याच मे महिन्याला हातात पडतील असं धरून काही आखू नये.

शिबिर

शिबिराची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडतो. जे पालक वाचनालयाची पायरी कधी चढले नाहीत, ते शिबिरासाठी चढतात. मुलं सकाळी दोन तास कुणाच्या तरी नजरेखाली असतात, आईला तेवढीच उसंत. वर्तमानपत्रात बातमी येते, आमदार-नगराध्यक्ष येतात आणि पुढे इमारतीच्या कामाला त्या ओळखीचा उपयोग होतो. मंडळाला शिबिर का आवडतं ते उघड आहे, आणि त्यात चूक काही नाही.

आता खर्च बघू. साठ मुलं, आठ दिवस, वीस हजारांचं अंदाजपत्रक. हस्तकला, नाट्य, विज्ञान खेळणी, कथाकथन यांसाठी येणाऱ्या मार्गदर्शकांना रोजचं हजार-बाराशे मानधन धरलं, तर तिथेच आठ-नऊ हजार गेले. खाऊ पंधरा रुपयांचा धरला तरी आठ दिवसांचे सात हजार. रंग, कागद, डिंक यांचे तीन हजार. फलक आणि समारोप मिळून उरलेलं संपतं, वर हजारभर खिशातले जातात. नव्या पुस्तकांसाठी शून्य.

आणि या आठ दिवसांत मूल वाचतं किती? बहुतेक शिबिरांत एखाद्या दिवशी कथाकथन असतं, म्हणजे ऐकणं. कागदाचा बगळा शिकणं वाईट नाही, पण तो शिकवायला वाचनालयच हवं असंही नाही. भिंतीला टेकून उभी असलेली पुस्तकांची कपाटं त्या आठ दिवसांत कुलूपबंदच असतात, कारण मुलं गर्दीत पुस्तकं फाडतील ही भीती. हे दृश्य मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता त्याचं नवल वाटत नाही.

खर्च भरून काढायला शुल्क लावलं की दुसरा प्रश्न उभा राहतो. पाचशे रुपये भरू शकणाऱ्या घरातलं मूल तसंही पोहायला, चित्रकलेला, कराटेला जाणार असतं. ज्याला वाचनालय सोडून दुसरी जागा नाही ते बाहेर राहतं. शिवाय आवाज. वर अभ्यासिकेत एमपीएससीची पोरं बसलेली, कम्बाइनच्या (संयुक्त) परीक्षेची तारीख जवळ आलेली आणि खाली साठ मुलं टाळ्या वाजवतायत. दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार येते, आणि ती रास्तच असते.

तरीही शिबिरच घ्यायचं ठरलं असेल, तर तीन गोष्टी करा. शुल्कातच वर्षाची बालसभासद वर्गणी धरा, म्हणजे शिबिर संपल्यावर मूल सभासद म्हणून उरेल. रोजच्या दोन तासांतला शेवटचा पाऊण तास कपाटं उघडी ठेवा आणि त्या वेळात कुठलाही कार्यक्रम ठेवू नका. आणि घरी जाताना प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक असेलच असं बघा. एवढ्याने शिबिराचा चेहरामोहरा बराच बदलतो.

वाचन-आव्हान

ही कल्पना आपली नाही, पण इथे रुळण्यासारखी आहे. ब्रिटनमधल्या सार्वजनिक ग्रंथालयांत 1999 पासून दर उन्हाळ्यात असा उपक्रम चालतो. मूल ग्रंथालयात जाऊन नाव नोंदवतं, सुट्टीत सहा पुस्तकं वाचायची असं मूळ रूप, मधल्या टप्प्यांवर स्टिकर आणि शेवटी प्रमाणपत्र किंवा पदक. दर वर्षी नवा विषय असतो आणि चार ते अकरा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर ठेवलेली असतात.

जसंच्या तसं उचलता येत नाही, कारण पाया वेगळा आहे. तिथे 1964 च्या कायद्याने ग्रंथालय सेवा देणं ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी आहे आणि पुस्तकं नेण्यासाठी पैसे लागत नाहीत. आपल्याकडे 1967 चा ग्रंथालय अधिनियम आहे, पण वाचनालयं चालवतात ती लोकांनी उभ्या केलेल्या संस्था, शासनाच्या अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर. म्हणून आपल्याकडे आव्हान सुरू होण्याआधीच मूल अनामतीपाशी अडतं. त्यावर पुढे बोलू.

खर्चाची तुलना इथे फार बोलकी आहे. तेच वीस हजार घ्या. शंभर कार्डं दहा रुपयांप्रमाणे हजार, साठ प्रमाणपत्रं पंधरा रुपयांप्रमाणे नऊशे. उरले अठरा हजार शंभर. मुलांच्या पातळ, सचित्र पुस्तकाची सरासरी ऐंशी रुपये धरली, तर सव्वादोनशे नवी पुस्तकं येतात आणि ती पुढची कित्येक वर्षं तुमच्या कपाटात असतात. शिबिराच्या पैशांतून असं काहीच मागे उरत नाही.

मे महिन्यातल्या ये-जेलाही आव्हान चांगलं पेलतं. मूल दहा दिवस गावाला गेलं तर कार्ड सोबत नेतं, परत आल्यावर पुढे सुरू. आजोळी आलेल्या मुलाला वेगळ्या रंगाचं पाहुणा कार्ड द्यायचं, आजी-आजोबांची सही घ्यायची, एका वेळी दोन पुस्तकं. बस्स.

कमकुवत बाजू दोन आहेत आणि दोन्ही मोठ्या आहेत.

पहिली: ज्याला वाचता येतं त्याचंच हे आव्हान होऊन बसतं. ग्रामीण भारतातली पाचवीची मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर किती वाचू शकतात हे 'असर' सर्वेक्षण तपासतं. 2018 मध्ये हे प्रमाण 50.5 टक्के होतं, 2022 मध्ये 42.8 टक्क्यांवर आलं. म्हणजे 'सुट्टीत सहा पुस्तकं वाचा' हे वाक्य पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना आधीच शर्यतीबाहेर काढतं. त्यात इंग्रजी माध्यमाची मुलं आणखी वेगळी. बोलतात अस्खलित मराठी, पण जोडाक्षर आलं की थबकतात आणि लाज वाटून पुस्तक मिटतात. उपाय असा, की मोजायचं असेल तर पुस्तकं मोजू नका, वेळ मोजा, आणि कुणीतरी वाचून दाखवलेलं ऐकलं तर तेही धरा. रोज पंधरा मिनिटं, कार्डावर वीस चौकोन. आजोबांनी वाचून दाखवलं तरी चौकोन रंगणार. कपाटात पुस्तकांच्या पाठीवर चार रंगांच्या पट्ट्या लावा: एका ओळीची, चार ओळींची, परिच्छेदाची, प्रकरणांची. 'पहिली ते दुसरीसाठी' असं कुठेही लिहू नका. सहावीतला मुलगा ते वाचून त्या कप्प्याला हात लावणार नाही, निळी पट्टी मात्र तो बिनधास्त उचलेल. इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी द्विभाषिक पुस्तकं मागवा. प्रथम बुक्सची स्वस्तात मिळतात आणि त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत वाचता-छापता येतात.

दुसरी कमकुवत बाजू म्हणजे खोटी नोंद. पातळ पुस्तकं उचलायची, चाळायची, परत द्यायची. मग काउंटरवर प्रश्नोत्तरं सुरू होतात: नायकाचं नाव काय, तात्पर्य काय? मुलं शाळेतून सुटून आलेली असतात, त्यांना पुन्हा तोंडी परीक्षेला कशाला बसवता? एकच विनंती करावी: "यातलं कुठलं पान मला दाखवशील?" एका चौथीतल्या मुलाने सापांच्या पुस्तकातली घोणस आणि अजगराची पानं उघडून आमच्या काउंटरवरच्या ताईंना फरक समजावला होता. घोणशीच्या अंगावरचे ठिपके साखळीसारखे ओळीत असतात, अजगराचे वेडेवाकडे पसरलेले. पुस्तक त्याने सलग वाचलं नव्हतं हे उघड होतं, मधली पानं तर एकमेकांना चिकटलेलीच होती. ताईंनी चौकोन रंगवला. मला तो निर्णय अगदी बरोबर वाटतो.

ग्रंथपेटी

वाचनालयापासून दोन-तीन किलोमीटरवर वस्ती असेल, मधे हायवे असेल, ऊसतोड कामगारांची पालं, वीटभट्टी किंवा आदिवासी पाडा असेल, तर वरची सगळी चर्चा निरर्थक आहे. मूल येणारच नाही. तिथे पुस्तकांनी जायचं.

याला आपल्याकडे चांगली परंपरा आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं आणि पुढच्या काही वर्षांत संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या हा त्याचाच भाग होता. अलीकडचं उदाहरण नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेचं. 2009 पासून पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात, ठरावीक काळाने आपसांत बदलतात, आणि दुबईच्या मराठी मंडळींपर्यंतही त्या पोचल्या.

वीस हजारांत पाच पेट्या बसतात. पत्र्याची पेटी साधारण सातशेला, पाचांचे साडेतीन हजार. प्रत्येकीत पस्तीस पुस्तकं, एकूण पावणेदोनशे, चौदा हजार. उरलेले अडीच हजार रिक्षा, पेट्रोल आणि वह्यांना. पेट्या दर दहा दिवसांनी एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत सरकवल्या की पाच आठवड्यांत प्रत्येक वस्तीला तीन-चार पेट्या बघायला मिळतात.

पेटीत काय घालता यावर सगळं अवलंबून आहे. अमेरिकेत फ्लॉरिडातल्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांत रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रॅन्झन यांनी सलग तीन उन्हाळे एक प्रयोग केला. मुलांना दर उन्हाळ्याच्या तोंडावर बारा-बारा पुस्तकं कायमची दिली, आणि ती मुलांनी स्वतः निवडायची होती. 2010 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पुस्तकं मिळालेल्या मुलांचे वाचनचाचणीतले गुण न मिळालेल्या मुलांपेक्षा वरचढ होते. ना शिकवणी, ना शिबिर, ना प्रश्नपत्रिका. मुलांच्या निवडीत गायक आणि टीव्हीवरच्या पात्रांची पुस्तकं वर होती, मोठ्यांना आवडतील अशी नव्हती. म्हणून पेटी भरताना मंडळाची यादी बाजूला ठेवा आणि त्या वस्तीतल्या चार मुलांना एकदा वाचनालयात आणून कपाटासमोर सोडा. भुतं, क्रिकेट, साप, ट्रक, विनोद. घेऊ द्या.

पेटीची अडचण माणसाची आहे. ती कुणाच्या घरी ठेवायची? अंगणवाडी ताईंवर आधीच कामाचा डोंगर असतो, आणि सुट्टीत शाळेला कुलूप. ज्यांच्या ओट्यावर तशीही मुलं जमतात असं घर शोधा, मग ते किराणा दुकान असेना का. सरपंचाचं घर टाळावं. तिथे पेटी सुरक्षित राहते, कारण तिच्याकडे कुणी फिरकत नाही.

पुस्तकं हरवणार. पस्तीसातली चार-पाच परत येणार नाहीत असं धरूनच मंडळाचा ठराव करून घ्या, नाहीतर ग्रंथपाल स्वतःच्या पगारातून भरपाईच्या भीतीने पेटीतून चांगली पुस्तकं काढून जुनी घालणार. निर्लेखनाची, म्हणजे हरवलेली पुस्तकं नोंदीतून रीतसर कमी करण्याची, पद्धत आपल्याकडे आहेच, ती वापरायला लाजू नये.

बक्षीस द्यायचं का?

हा प्रश्न तिन्ही मार्गांना लागू आहे आणि सभेत यावरच सर्वाधिक वाद होतो. 1973 चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. ज्या बालवाडीतल्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं, त्यांचे तीन गट केले. एकाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्याला काहीच न सांगता नंतर ते दिलं. तिसऱ्याला दिलंच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं स्केचपेनकडे बाकीच्यांपेक्षा कमी वळत होती.

म्हणून 'सर्वाधिक पुस्तकं वाचणाऱ्यास सायकल' ही कल्पना मला पटत नाही. ती सायकल दर वर्षी त्याच दोन-तीन घरांत जाते, आणि बाकीची मुलं पहिल्या आठवड्यातच हिशोब करून मोकळी होतात. द्यायचंच असेल तर नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीलाच एक पुस्तक कायमचं द्या, आणि शेवटी कार्ड आणणाऱ्या प्रत्येकाला, चौकोन कितीही रंगलेले असोत, आणखी एक. देणगीदाराला सायकलचा फोटो हवा असेल तर साठ मुलं हातात पुस्तकं घेऊन उभी असलेला फोटो काही वाईट दिसत नाही.

दहावी झालेली मुलं

बारा ते सोळा हा वयोगट आपल्या वाचनालयांत अक्षरशः कुठेच बसत नाही. बालविभाग लहान मुलांचा, मोठ्यांच्या विभागात कादंबऱ्या, अभ्यासिकेत एमपीएससीवाले. मंडळाला या वयासाठी एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे करिअर मार्गदर्शनाचं व्याख्यान. एक तास, एक श्रीफळ, एक शाल. त्यातून वाचनालयाशी कुणाचं नातं जुळल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

उलट दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली की या मुलांकडे अकरावी सुरू होईपर्यंत काही महिने मोकळे असतात. गावात इतका वेळ दुसऱ्या कुणाकडेच नाही. त्यांना श्रोते करण्यापेक्षा कामाला लावा: पेटी सायकलवरून पुढच्या वस्तीत नेणं, लहान मुलांना मोठ्याने वाचून दाखवणं, पाठपट्ट्या लावणं, आव्हानाच्या नोंदी ठेवणं. एप्रिलअखेर दोन सकाळ प्रशिक्षण पुरतं. मोठ्याने वाचताना पुस्तक मुलांकडे धरायचं, चित्रावर थांबायचं, मधे कुणी बोललं तर बोलू द्यायचं. इतकंच शिकवायचं. बदल्यात त्यांना वर्षभराचं सभासदत्व मोफत, काम केल्याचं पत्र, आणि पाच हजारांची पुस्तकं त्यांनी स्वतः दुकानात जाऊन निवडण्याची मुभा. ही शेवटची गोष्ट मंडळाला सगळ्यात जड जाते. कॉमिक्स येतील, मांगा (जपानी चित्रकथा) येईल, इंग्रजी येईल. येऊ द्या.

सुरक्षिततेचे दोन नियम मात्र कडक ठेवा. लहान मुलांसोबत नेहमी दोघे, एकटं कुणीही नाही. आणि सगळ्यांच्या पालकांची लेखी संमती. मुलींना कामात घ्यायचं तर वेळ सकाळचीच हवी, म्हणजे घरून अडवणूक होत नाही. मराठवाडा-विदर्भात तर साडेसात ते साडेनऊ याशिवाय दुसरी वेळ कुणालाच झेपत नाही.

कुठलाही मार्ग घ्या, हे आधी बदला

बालसभासदाची अनामत. शंभर-दोनशे रुपये ऐकायला किरकोळ वाटतात, पण तीन मुलांच्या रोजंदारीवरच्या घरात ती दिवसभराची मजुरी असते. मे आणि जूनपुरती अनामत माफ करणारा ठराव मार्चच्या सभेत घ्या. शाळेच्या मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र तारण म्हणून पुरेसं समजा. एका वेळी एकच पुस्तक हा नियमही सुट्टीपुरता मोडा, कारण सोळा पानांचं एक पुस्तक घ्यायला ऊन तुडवत रोज कोण येणार? तीन द्या. आणि विलंब शुल्क बंद. शिकागो शहराच्या ग्रंथालयाने 2019 मध्ये ते सरसकट रद्द केलं. आपल्याकडे मुलांच्या पुस्तकांवर जमणारा दंड इतका क्षुल्लक असतो की पावतीपुस्तकाचाही खर्च निघत नाही, आणि त्या दंडाच्या धाकाने पुस्तक पलंगाखालीच राहतं.

कार्डं वाटायची तर निकालाच्या दिवशी, शाळेतच. त्या सकाळी सगळी मुलं एका जागी असतात, पालक सोबत असतात आणि मूड बरा असतो. दुसऱ्या दिवसापासून ती पांगतात.

मग कुणी काय निवडावं?

बालविभागात तीनशेपेक्षा कमी धड पुस्तकं असतील, तर यंदा काहीच जाहीर करू नका. सगळे पैसे पुस्तकांना घाला, अनामत माफ करा, सकाळी दोन तास जास्त उघडा. आव्हान जाहीर केलं आणि आठवड्यात कपाट रिकामं झालं, तर मूल परत येत नाही.

पुस्तकं बरी आहेत, गाव दाट आहे, मुलं चालत येऊ शकतात, तर आव्हान. एका ग्रंथपालाला झेपणारा हा एकच मार्ग आहे. शिबिरात ग्रंथपाल आठ दिवस पूर्ण अडकते आणि नेहमीच्या वाचकांची देवघेव ठप्प होते.

वाचनालय एका टोकाला आणि मुलं दुसऱ्या टोकाला असतील तर पेटी, पण फक्त दहावी झालेले किमान पाच-सहा जण मिळाले तर. ते नसतील तर पेट्या एका जागी पडून राहतात. अशा वेळी दोनच पेट्या करा आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी बाजारात चटई टाकून बसा. भाजी विकायला आलेल्यांची मुलं तिथेच असतात.

शिबिर तेव्हाच घ्या, जेव्हा रोटरी, पतसंस्था किंवा माजी विद्यार्थ्यांचा गट त्याचा खर्च वेगळा देत असेल, अभ्यासिका दुसऱ्या इमारतीत असेल आणि कपाटं उघडी ठेवायला मंडळ तयार असेल. तिन्ही एकदम करायचा मोह होतो, विशेषतः वर्गवाढीची तपासणी जवळ आली की. अहवालात तीन उपक्रम दिसतात खरे, पण ग्रंथपाल तीच एक असते, आणि मे महिन्यात तिच्याही घरात लग्न असतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रजिस्टर उघडून तीन आकडे काढून ठेवा: मे महिन्यात पहिल्यांदा आलेली मुलं किती, त्यांतली जूनमध्ये पुन्हा आली किती, आणि कुठल्या रंगाच्या पट्टीची पुस्तकं सर्वाधिक फिरली. पुढच्या मार्चच्या सभेत ऐनवेळच्या विषयांत कुणी शिबिराचं नाव घेतलं, की तो कागद टेबलावर ठेवता येईल.